म्हशीच्या वाटणीचं पीठ

आमच्या गावच्या गिरणीत भिंतीवर एक घड्याळ आहे, पण ते बंद आहे. त्याच्या काचेवर पिठाचा असा थर बसलाय की काटे कुठं थांबलेत तेही दिसत नाही. गिरणी चालवणारी कडूबाई त्या घड्याळाकडं कधी बघत नाही. तरीही कामं वेळेवर उरकणारं आणि उरकताना कपाळाला आठी न पाडणारं तिच्यासारखं दुसरं माणूस मी गावात पाहिलेलं नाही. हे तिला कसं जमतं याचं मला फार दिवस कुतूहल होतं. आता थोडंसं कळलंय असं वाटतं. चुकीचंही कळलं असेल, पण जे पाहिलं ते सांगतो.

मी कळंबच्या स्टँडवर कंट्रोलर होतो. गाड्यांची नोंद ठेवायची आणि माइकवरून गाड्या पुकारायच्या. चारचौघांत बोलताना माझी जीभ अडखळते, पण काचेच्या खोलीत बसल्यावर आपलं तोंड कुणाला दिसत नाही, म्हणून ती नोकरी निभावली. सगळं आयुष्य घड्याळाच्या धाकात गेलं. निवृत्त झालो तेव्हा वाटलं, आता दिवस आपला. झालं उलटंच. दिवस मोकळा आणि कामं तशीच पडलेली. एकदा धाराशिवला गेलो, बँकेत हयातीचा दाखला द्यायचा होता आणि चष्मा आणायचा होता. बँकेच्या रांगेत उभा असताना चष्म्याचं दुकान बंद होईल याची काळजी, चष्म्याच्या दुकानात गाडी चुकेल याची काळजी. धापा टाकत गाडी गाठली आणि घरी आल्यावर ध्यानात आलं, चष्मा दुकानाच्या काउंटरवरच राहिलाय. आमची मंडळी म्हणाली, "डोळे तरी आणलेत का माघारी?"

मंडळींचे गुडघे दुखायला लागले तसा दळणाचा डबा माझ्याकडं आला. गिरणी म्हणजे पत्र्याची एक खोली, पुढं ओटा, ओट्यासमोर लिंबाचं झाड. शेजारीच कडूबाईचं घर आणि म्हशीचा गोठा. पहिल्या दिवशी मी गव्हाचा डबा रांगेत ठेवला. कडूबाईनं तो उचलला, बाजूला सारला आणि माझ्यामागून आलेल्या एका बाईचा डबा आधी घेतला. मी काही बोललो नाही. कधीच बोलत नाही. पण नंबर चुकवलेला मला खपत नाही, ती स्टँडची सवय. मनात धुमसत झाडाखाली बसलो.

बसल्याबसल्या कळलं की ती सगळी ज्वारी आधी काढतेय आणि गहू मागाहून. यात नवीन काही नव्हतं. ज्वारीवर ज्वारी आणि गव्हावर गहू दळायचा हे कुठल्याही गिरणीत पाळतात. डबा ठेवताना बाया विचारतातच, कशावर घालणार म्हणून. ज्वारीवर गहू गेला तर पोळी काळपट होते. नवीन होतं ते पुढचं.

ज्वारी संपली तशी तिनं कोपऱ्यातल्या स्वतःच्या पोत्यातून मूठभर गहू घेतला आणि वरून सोडला. खाली जे पीठ पडलं ते एका पोचे आलेल्या डब्यात धरलं. पट्टा रिकामा फिरत राहिला आणि कडूबाई बाहेर येऊन ओट्यावर बसली. तांब्यातलं पाणी प्याली. रस्त्याकडं बघितलं. पदरानं कानावरचं पीठ पुसलं. दहा डबे रांगेत, बाया खोळंबलेल्या, आणि ही बसलेली. कुणी तिला उठवलंही नाही. मग ती आपणहून उठली, आत गेली आणि गव्हाचा पहिला डबा ओतला.

मला वाटलं, दमली असेल. पण दुसऱ्या खेपेलाही तेच. बाजरीवर जायचं झालं तरी तेच. मूठभर धान्य, पोचे आलेला डबा, ओट्यावरची बैठक. तिचा फोन एका रिकाम्या पिठाच्या डब्यात झाकण लावून ठेवलेला असे. तो आत घुरघुरायचा, पण धान्य बदलायची वेळ येईपर्यंत ती झाकण उघडत नसे. ओट्यावर बसल्यावरच कुणाकुणाचे फोन आले ते बघायची.

मी दळण नसलं तरी गिरणीवर जाऊ लागलो. मंडळींनी विचारलं, तिथं कामाला लागलात का. विचारायचं धाडस व्हायला मला किती दिवस लागले ते सांगत नाही. शेवटी एकदा म्हणालो, "ते डब्यातलं पीठ कुणाचं?"

"म्हशीचं," कडूबाई म्हणाली, आणि आत गेली.

एवढ्या उत्तरानं माझं काय भागणार. तिची सासू ओट्याच्या टोकाला गोधडीवर बसलेली असते. म्हातारीला दिसतं कमी, पण कोण आलं ते डबा ठेवायच्या आवाजावरून ओळखते. मी रोज तिथं बसलेला तिला कळायचंच. एक दिवस तिनंच विषय काढला.

कडूबाईचं माहेर नळदुर्गाजवळचं. तिच्या आधीची दोन लेकरं जगली नव्हती, म्हणून हिला नजर लागू नये यासाठी नाव ठेवलं कडू. बापाचं हायवेला चहाचं हॉटेल होतं, ट्रक थांबायचे. तिथं प्रत्येक जण घाईत. लग्न होऊन आमच्या गावात आली तेव्हा गिरणी नवरा गोरोबा चालवायचा आणि हिचा संबंध फक्त जेवणाचा डबा आणण्यापुरता. गोरोबा अचानक गेला. दिवसपाणी झाल्यावर हिनं पट्ट्याला हात घातला. चार एकर शेत होतं ते धाकट्या दिराला, बब्रुवानला, बटईनं कसायला दिलं, कारण एक बाई शेत आणि गिरणी दोन्ही कुठं बघणार.

पहिलं वर्ष वाईट गेलं. चुलीवर दूध, कानाला फोन, गिरणी चालू आणि दारात कुणी भांडायला आलेलं. एकदा मोटार जळाली. एकदा ताप अंगावर काढला. आणि एका एकादशीच्या आदल्या दिवशी दिराशी शेतावरून बोलाचाली झाली, तशीच रागात ती आत गेली आणि एका म्हातारीची उपवासाची भगर गव्हावरच घातली. तिला कळलंसुद्धा नाही. ती म्हातारी दुसऱ्या दिवशी पीठ घेऊन आली, ओट्यावर ठेवलं आणि एक शब्द न बोलता निघून गेली.

"शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं म्हणती," सासू म्हणाली. "तवापास्नं ही म्हशीचं काढती."

कडूबाई आतून ऐकत होती. धान्य बदलायला बाहेर आली तेव्हा माझ्याकडं न बघताच म्हणाली, "दगडाला मागचं लागून ऱ्हातं, बप्पा. माणसाला लागत न्हाय का? मग एक मूठ सोडायची. वाया बी जात न्हाय, म्हस खाती."

मी घरी येईपर्यंत तेच घोळवत होतो. स्टँडवर एका गाडीची कटकट दुसऱ्या गाडीच्या प्रवाशावर निघायची, ते आठवलं. बँकेच्या रांगेची काळजी चष्म्याच्या दुकानात नेली होती, तेही. दुसऱ्या दिवसापासून मीही करून बघायचं ठरवलं. विजेचं बिल भरलं की जरा बसायचं, मग औषधं आणायला जायचं. बिल भरून मी पारावर बसलो तो जेवायच्या वेळेला उठलो. मंडळी म्हणाली, "तुमचं सगळंच पीठ म्हशीला चाललंय."

मूठ केवढी असावी ही पुढची अडचण. ती मी कडूबाईला विचारली नाही, नुसता बघत राहिलो. तिची बैठक प्रत्येक वेळी सारखी नसायची. ज्वारीवरून बाजरीवर जाताना ती घोटभर पाण्याची असायची. डाळ दळून झाली, किंवा कुणाशी वाजलं, की जास्त. एकदा बचतगटाच्या बायांशी खटका उडाला तेव्हा ती गोठ्यात जाऊन म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत उभी राहिली आणि आत रिकामा पट्टा बराच वेळ फिरत होता.

आणखी एक गोष्ट ध्यानात आली. ती कुणालाही घड्याळातली वेळ देत नाही. दूध डेअरीला गेलं की या, शाळा सुटली की या, गुरं परतली की या. मी एकदा भीत भीत म्हणालो की वेळ सांगितली तर लोकांना बरं पडेल. ती हसली. वेळ सांगितली की माणूस आधीच येऊन बसतं आणि माझ्या हाताकडं बघतं, म्हणाली. गुरं काय माझ्या हाताकडं बघत नाहीत.

म्हातारी म्हणाली, "हिचं घड्याळ म्हशीच्या पोटात हाय."

आता खरी गोष्ट यंदाच्या येळवसीची. आमच्याकडं मार्गशीर्षातल्या अमावस्येला येळवस म्हणतात. त्या दिवशी सगळं गाव शेतात जेवायला जातं. कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभी करायची, तिच्यात पाच दगडांचे पांडव मांडून पूजा करायची, मग "ओलगे ओलगे" म्हणत पिकाभोवती आंबील शिंपडायची. बेसन लावून केलेली पालेभाज्यांची भज्जी, बाजरीचे वाफवलेले उंडे, भाकरी, आंबील. गावात त्या दिवशी कुत्रंसुद्धा राहत नाही. आणि हे सगळं करायला पीठ लागतं, म्हणून येळवसीच्या आधीचे दोन-तीन दिवस गिरणीवर जत्रा असते. गोरोबा गेल्यापासून एकाही येळवसीला कडूबाई पूजेला पोचली नव्हती. उशिरा आलेली दळणं सकाळी काढून ती शेतात जायची तेव्हा पूजा आटोपलेली, आणि दीर ताट वाढून द्यायचा.

यंदा तिनं शेत बटईतून सोडवून घेतलं होतं. पाऊसकाळ संपताना बब्रुवानला सांगून टाकलं, पुढचं पीक मी घेणार. गडी लावून हरभरा आणि ज्वारी पेरली. बब्रुवान भांडला नाही, पण पारावर बोलून गेला की वहिनीला दगडाभोवती फिरायलाच वेळ पुरत नाही, शेताभोवती कधी फिरणार. येळवस जवळ आली तसा ओट्यावर येऊन म्हणाला, "वैनी, तुमी गिरणीचं बघा. पूजेचं मी बघतो, दरसालासारखं."

आमच्याकडं येळवसीची पूजा जो करतो, शेत त्याचं, असं लोक धरून चालतात. सातबाऱ्यावर कुणाचंही नाव असो. कडूबाईला हे ठाऊक होतं, बब्रुवानला ठाऊक होतं आणि ओट्यावर बसलेल्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं. 

"पूजेला म्या येणार हाय," कडूबाई म्हणाली. "सकाळच्या पारी."

"बघू की," बब्रुवान म्हणाला आणि गेला. त्या दिवशी ती ओट्यावर जास्त वेळ बसली.

आणि गावचा विजेचा डीपी जळाला. रब्बीचं पाणी द्यायला सगळ्यांच्या मोटारी चालू, त्यात जुना डीपी. ऐन येळवसीच्या तोंडावर गिरणी दोन दिवस बंद. डबे येत राहिले. ओटा भरला, खोली भरली, मग घराची पडवी भरली. कुणी दळण उचलून शेजारच्या गावी न्यायला निघालं, तर तिथंही तीच गर्दी. कडूबाई काय करते हे बघायला मी दोन्ही दिवस तिथंच होतो. तिनं दगडाला टाकी लावून घेतली, म्हणजे छिन्नीनं ठोकून दगडाची धार ताजी केली. मग डबे हलवायला सुरुवात केली. ज्वारी ओट्यावर, बाजरी खोलीत, हरभऱ्याची डाळ पडवीत. प्रत्येकाचा डबा कुठं गेला ते तिला आणि तिच्या सासूला बरोबर ठाऊक.

येळवसीच्या आदल्या दिवशी सकाळी वायरमन वीरप्पा नवा डीपी जोडून खांबावरून उतरला. म्हणाला, लाईट आली, पण लोड फार आहे, दिवस मावळेपर्यंत टिकली तर नशीब समजा.

कडूबाईनं हिशेब बोलून दाखवला नाही. ती ओट्यावर आली आणि मला म्हणाली, "बप्पा, तुमी गाड्या पुकारीत होता न्हवं?"

मी होय म्हणालो.

"मग आमची पुकारा."

अजून गावातले निम्मे डबे घरोघरीच होते, आणि बाया चालू झालेली गिरणी ऐकून एकदम धावत येणार, हे तिला दिसत होतं. आंबिलीची ज्वारी आधी निघायला हवी, कारण पीठ ताकात मिसळून शिजवून रात्रभर आंबायला ठेवावं लागतं. उंड्यांची बाजरी मध्ये. भज्जीची डाळ सगळ्यात शेवटी, कारण डाळ दगडाला धरून बसते आणि तिच्यामागून काही घालायचं तर दगड साफ करण्यातच वेळ जातो. हे तिनं मला चार वाक्यांत सांगितलं आणि मारुतीच्या देवळात पाठवलं, तिथं भोंगा आहे.

देवळात काचेची खोली नव्हती. पारावर माणसं बसलेली, सगळी माझ्याकडं बघणार. मी गाभाऱ्याकडं तोंड केलं, माइक हातात घेतला आणि डोळे मिटले. पुढं तोंडातून काय निघालं ते माझ्या हातात नव्हतं. "प्रवाशांनी लक्ष द्यावे. आंबिलीची ज्वारी गिरणीवर लागलेली आहे. ज्वारीच्या प्रवाशांनी ताबडतोब यावे. उंड्यांची बाजरी दुपारची जेवणं उरकल्यावर सुटेल. भज्जीची डाळ गुरं परतताना सुटेल. आपापल्या धान्यानं यावे, मध्ये चढू नये."

पारावर हसू फुटलं. कुणीतरी ओरडलं, "कंट्रोलर, खिडकीजवळची जागा ठेवा." मी मान खाली घालून परत आलो. पण लोक तसे आले. ज्वारीवाले ज्वारीला, बाजरीवाले बाजरीला. मधल्या दोन्ही बदलांना, एवढी गर्दी असतानाही, कडूबाईनं मूठभर धान्य सोडलं आणि ओट्यावर येऊन बसली. पहिल्यांदा मला राहवलं नाही. लाईट जाईल, आता तरी बसू नये, असं काहीतरी मी पुटपुटलो. ती पाणी पीत होती. तांब्या खाली ठेवून उठली आणि आत गेली. नंतरचे डबे तिनं इतके सरळ ओढले की ती बसली होती तेवढा वेळ कुठं गेला ते मला शोधून सापडेना.

गुरं परतायला लागली तेव्हा डाळ चालू होती. ओट्यावर मोजकेच डबे उरले होते. मी मनात म्हटलं, जमलं. आणि तेवढ्यात बब्रुवान डोक्यावर डबा घेऊन आला. अंगावर कडब्याचा भुसा, हातावर ओरखडे.

"बाजरी हाय," तो म्हणाला.

बाजरी तर केव्हाच झाली होती. कुणीतरी बाई म्हणाली, सगळ्या गावाला ऐकू गेलं, तुम्हालाच कसं गेलं नाही. बब्रुवान म्हणाला, शेतात होतो दिवसभर, भोंगा तिथवर येत नाही. कुठल्या शेतात, ते त्यानं सांगितलं नाही. सासूनं विचारलं. तेव्हा म्हणाला, "वैनीच्या. कोप बांधीत होतो."

कोप बांधत होता ती पूजेला बसायची तयारी म्हणून, का भावजयीला मदत म्हणून, हे मला तेव्हा कळलं नाही. आजही कळलेलं नाही. त्याला स्वतःला माहीत असेल की नाही, कोण जाणे.

कडूबाईनं डबा ठेवून घेतला आणि डाळ संपेपर्यंत थांबायला सांगितलं. बब्रुवान म्हणाला, मध्येच घातली तर काय होतंय, दोन पायल्यांचा तर खेळ. ती नाही म्हणाली, बेसनावर बाजरी जाणार नाही. मला वाटलं, तिनं घालावी. तीच मोकळी झाली असती. तिनं ती घातली नाही, आणि शेवटचा डाळीचा डबा निम्मा झाला असताना लाईट गेली.

पट्टा हळूहळू थांबला. एवढी शांतता झाली की गोठ्यातल्या म्हशीचं रवंथ ऐकू यायला लागलं. वीरप्पाला फोन लावला. तो म्हणाला, आता सकाळी.

बब्रुवान ओट्यावर बसला. "बघा वैनी," तो म्हणाला. आवाजात टोमणा होता, पण दमलेला माणूस जेवढा मारू शकतो तेवढाच. "माझ्या घरी उंडे व्हायचेत. सकाळी लाईट आली की घाला. तुमी या सावकाश, पूजेचं मी बघतो."

सकाळी गिरणीपाशी थांबली म्हणजे पूजा गेली, दरसालासारखीच. नाही म्हणावं तर दिराच्या घरी येळवसीला उंडे नाहीत, तेही तिच्याच शेतात कोप बांधून आल्यावर. ओट्यावर दोघी-तिघी बाया होत्या, त्यांनी उगाच डब्यांची झाकणं बघायला सुरुवात केली.

कडूबाई बसली. तिथंच, त्याच जागेवर. पाणी प्याली. पदरानं कान पुसला. मी बब्रुवानकडं बघत होतो, तो तिच्याकडं बघत होता. मग ती घरात गेली आणि स्वतःचा बाजरीच्या पिठाचा डबा घेऊन आली. दुपारी तिनं आपली बाजरी सगळ्यांच्या शेवटी दळून ठेवली होती.

"भाऊजी, ही बाजरी ठिवा इथं. हे निम्मं पीठ घरी न्या, लेकरापुरत्या भाकरी करा. उंडे म्या करते सगळ्यांचे," ती म्हणाली. "कोप तुमी बांधलीया. जेवायला समदी तिथंच या. पूजा म्या करीन."

बब्रुवाननं डब्याचं झाकण उघडून पाहिलं. उसनं पीठ नाकारायची आमच्याकडं रीत नाही. जेवायला बोलावल्यावर नाही म्हणायचीही नाही. आणि दोन्ही घेतल्यावर पूजेचं काय बोलणार?

"भज्जी तरी आमची घ्या," तो शेवटी म्हणाला.

"घेऊ की," सासू मध्येच म्हणाली. "तुझ्या बायकूची भज्जी हिच्यापेक्षा चांगली असती."

अर्ध्या राहिलेल्या डाळीचं काय, हे मी विचारणार होतो. कडूबाईनं तो डबा त्या बाईला तसाच दिला. म्हणाली, झालंय तेवढ्यात भज्जी होईल, उरलेली डाळ सणानंतर आणा. ती बाई कुरकुरत गेली. तिचं म्हणणंही खोटं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आम्हालाही बोलावणं होतं. मंडळींना दुचाकीवर कुणीतरी सोडलं, मी चालत गेलो. हरभरा घाट्यांवर आला होता, ज्वारी निसवून कणसं बाहेर आली होती. कोप चांगली घट्ट बांधलेली, दार उगवतीला. आत पाच दगड चुन्यानं रंगवून मांडलेले. पूजेचं ताट तयार, आंबिलीची बिंदगी, म्हणजे घागर, कोपीच्या सावलीत. सगळे उभे. उन्हं चढत होती.

आणि कडूबाई बांधावर जाऊन बसली.

पाय पसरून, हातात काही नाही, ज्वारीकडं बघत. बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. मीही चुळबुळ केली. बब्रुवान दोन पावलं पुढं झाला आणि म्हणाला, "वैनी, चला की, ऊन झालं."

म्हातारीनं चाचपत त्याचा हात धरला. "बसू दे तिला," ती म्हणाली. "म्हशीचं काढतीया."

बब्रुवान थांबला. थोड्या वेळानं कडूबाई उठली, पदर डोक्यावर घेतला आणि वाकून कोपीत शिरली. हळदी-कुंकवाचं ताट तिला आत कुणीतरी द्यायला हवं होतं. ते बब्रुवाननं दिलं.